६६६ पीएस आणि ७०७ पीएस, तरी दोघींचं शून्य ते शंभर ३.३च कसं?

चौथा_गिअर:
मंडळी, एक शंका आहे आणि त्यावर पैज लागलीय म्हणून जरा नीट सांगा. गेले चार दिवस माझं आणि माझ्या मावसभावाचं एकाच गोष्टीवरून चाललंय. मी लॅम्बोर्गिनी उरुस परफॉर्मान्तेवाला आणि तो अ‍ॅस्टन मार्टिन डीबीएक्स७०७ वाला. वाला म्हणजे वॉलपेपरवाला बरं का, गाडी दोघांकडेही नाही, उगाच कोणी फोटो मागू नका.

तर आकडे असे (पीएस म्हणजे मेट्रिक हॉर्सपॉवर, इंजिनची ताकद; न्यूटन मीटर म्हणजे टॉर्क, फिरवण्याचा जोर). उरुस परफॉर्मान्ते: ६६६ पीएस, ८५० न्यूटन मीटर, वजन २१५० किलो, टॉप स्पीड ३०६. डीबीएक्स७०७: ७०७ पीएस, ९०० न्यूटन मीटर, वजन २२४५ किलो, टॉप स्पीड ३१०. इंजिन दोघींचं ४ लिटर ट्विन टर्बो व्ही८. आणि शून्य ते शंभर कंपनी सांगते ते दोघींचं ३.३ सेकंद. दशांशापर्यंत सेम.

माझं डोकं इथेच अडलंय. ४१ पीएस जास्त, ५० न्यूटन मीटर जास्त, मग ते गेले कुठे? भाऊ म्हणतो कंपनीने मुद्दाम आकडा कमी सांगितलाय, खऱ्यात डीबीएक्सच पुढे जाणार. मी म्हणतो उरुस हलकी आहे. मग त्यात त्याने पोर्शे कायेन टर्बो जीटी काढली, तिचे ६४० पीएस, तीही ३.३. आणि फेरारी पुरोसांग्वे, व्ही१२, ७२५ पीएस, तीसुद्धा ३.३!! अरे काय चाललंय काय, सगळ्यांनी मिळून ठरवलंय का?

पैज अशी की जो हरेल त्याने दुसऱ्याची गाडी महिनाभर दर रविवारी धुवायची. त्याची गाडी कायम चिखलात असते त्यामुळे माझ्यासाठी प्रकरण गंभीर आहे.

सरळरेषा:
सोप्पंय. ७०७ म्हणजे ७०७. टॉप स्पीड पण ३१०. डीबीएक्स जिंकली. बादली आणि फडकं तयार ठेव.

पिस्टनपंत:
सरळरेषा, इतकं सरळ नाही हो ते.

चौथा_गिअर, तुझा प्रश्न एकदम रास्त आहे आणि उत्तर बरंचसं त्या आकड्यांतच आहे, फक्त एक भागाकार करून बघ. वजन भागिले पीएस. उरुस: २१५० भागिले ६६६, म्हणजे एका पीएसला ३.२३ किलो. डीबीएक्स: २२४५ भागिले ७०७, म्हणजे ३.१८ किलो. फरक दीड टक्क्याच्या आसपास. म्हणजे ते जे ४१ पीएस तू शोधतोयस ना, ते ९५ किलो जास्तीचं वजन ओढण्यात गेले.

पण खरी गंमत पुढे आहे. समजा डीबीएक्स, ड्रायव्हर धरून, साधारण २३०० किलो. ताशी १०० किमी म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. एवढ्या वजनाला एवढ्या वेगावर न्यायला ऊर्जा लागते साधारण ८८७ किलोज्यूल (अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, शाळेतलंच आहे). ती ३.३ सेकंदांत दिली, म्हणजे सरासरी २६९ किलोवॅट, म्हणजे ३६५ पीएस. इंजिन किती पीएसचं? ७०७. म्हणजे शून्य ते शंभरच्या त्या ३.३ सेकंदांत निम्म्याच्या आसपास ताकद वापरली गेली, बाकीची नुसती बसून होती. उरुसचं पण तसंच, तिथे साधारण ३५५ येतं.

मग उरलेली का वापरली जात नाही? कारण ३.३ सेकंदांत शंभर म्हणजे सरासरी ०.८६ जी (१ जी म्हणजे वरून सोडलेली वस्तू ज्या प्रवेगाने पडते तो). चांगल्या टायरची कोरड्या रस्त्यावरची पकड १ जीच्या आगेमागे असते. पहिल्या गिअरमध्ये चाकापर्यंत जो जोर पोचू शकतो तो टायरला झेपतो त्याहून जास्त असतो, पूर्ण दिला तर चाकं जागेवर फिरतील आणि धूर निघेल. साधारण साठ सत्तरच्या वेगापर्यंत हीच स्थिती. थोडक्यात कंपनीने घोडे कितीही बांधले तरी घोडं अडतं ते टायरपाशीच. म्हणून ६४० वाली पण ३.३ आणि ७२५ वाली पण ३.३.

चौथा_गिअर:
पंत, हे भारीच. निम्मीच ताकद वापरते हे मी भावाला आत्ता सांगितलं तर त्याचा आधी विश्वासच बसला नाही, मग कॅल्क्युलेटर घेऊन बसला. बसूदे.

पण मग या सगळ्या ३.३ वाल्या एकसारख्याच पळतात असं म्हणायचं का?

पिस्टनपंत:
अजिबात नाही. शंभरच्या पुढे बघ. उरुस परफॉर्मान्ते शून्य ते दोनशे करते ११.५ सेकंदांत आणि पुरोसांग्वे करते १०.६ मध्ये. शंभरला दोघी एकाच वेळी पोचल्या आणि दोनशेला ०.९ सेकंदाचा फरक. त्या वेगाला ०.९ सेकंदात गाडी ५० मीटर जाते. म्हणजे जो फरक शंभरपर्यंत दिसतच नव्हता तो शंभर ते दोनशेमध्ये उघडा पडला, कारण तिथे टायर काही अडवत नाही, तिथे इंजिन नागडं दिसतं.

(फेरारी वजन कोरडं सांगते, २०३३ किलो, म्हणजे तेलपाणी सोडून, त्यामुळे तिचा भागाकार या दोघींशेजारी तसाच ठेवू नका.)

आता हे बघा, मला फार आवडतं हे. ऊर्जा वेगाच्या वर्गात वाढते, म्हणजे दोनशेला शंभरच्या चौपट लागते. म्हणजे शंभर ते दोनशेचं काम शून्य ते शंभरच्या तिप्पट, शिवाय हवेचा विरोध वेगळाच. मग वेळ पण तिप्पटीच्या वर लागायला हवा ना? उरुसला लागतो ११.५ वजा ३.३, म्हणजे ८.२ सेकंद. अडीचपट. तिप्पट काम, वर हवा, तरी वेळ अडीचपटच, कारण आता पूर्ण इंजिन कामाला लागलंय.

टर्बोताई:
पंत, गणित छान आहे पण सगळं टायरच्या डोक्यावर फोडताय ते मला पटत नाही. दोन मुद्दे.

एक. साधी डीबीएक्स, ७०७ यायच्या आधीची, ५५० पीएस, ७०० न्यूटन मीटर, शून्य ते शंभर ४.५ सेकंद. २०२२ मध्ये ७०७ आली, वजन कंपनी तेवढंच सांगते २२४५, आणि वेळ ३.३. म्हणजे १.२ सेकंद कमी. ताकदीने फरक पडत नाही तर हे कुठून आलं?

दोन. उरुस परफॉर्मान्ते शंभरवरून शून्यावर येते ३२.९ मीटरमध्ये. करा हिशोब, ते साधारण १.२ जी होतं. म्हणजे टायरची पकड १.२ जी आहे, ब्रेक मारताना. मग पळताना ०.८६ वर का थांबते? त्याच रस्त्यावर, त्याच गाडीवर तेच टायर. पकड शिल्लक आहे की.

पिस्टनपंत:
ताई, पकडलंत.

ब्रेकवाला मुद्दा मान्य, मी जरा जास्तच रेटलं. पण ०.८६ ही सरासरी आहे, सुरुवातीला जास्त असते आणि ऐंशी नव्वदला उतरलेली असते कारण तोवर गिअर बदललेला असतो. तरी १.२ ला ती भिडत नाही हे खरं.

टर्बोताई:
हो ना. मग ऐका माझं म्हणणं. सुटताना तीन पहारेकरी असतात. टायर एक. दुसरा टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, त्याला फुगायला वेळ लागतो, लाँच कंट्रोलने (उभ्या गाडीला झटक्यात सोडायची सोय) आधी बूस्ट, म्हणजे त्या हवेचा दाब, भरून ठेवला तरी पूर्ण बूस्ट उभ्या गाडीत भरता येत नाही. आणि तिसरा म्हणजे ती आतली कॉम्प्युटरबाई, जी पहिल्या गिअरमध्ये टॉर्क आवरून धरते, टायर वाचवायला आणि गिअरबॉक्स, शाफ्ट, डिफरन्शियल हेही वाचवायला. ९०० न्यूटन मीटर पहिल्या गिअरमधून थेट सोडले तर रस्ता नाही तर शाफ्ट, काहीतरी तुटणार. ब्रेकला हे काहीच नाही. चारही चाकांवर थेट पकड आणि एबीएस प्रत्येक चाक वेगळं सांभाळतं.

आणि माझ्या पहिल्या मुद्द्याचं उत्तर मीच देते कारण मी ते मुद्दाम अर्धं सांगितलं होतं. ७०७ मध्ये नुसती ताकद नाही वाढवली. जुन्या डीबीएक्सला टॉर्क कन्व्हर्टरवाला (इंजिनचा जोर तेलामार्फत पुढे देणारा) ९ गिअरचा ऑटोमॅटिक होता, ७०७ ला त्याच जागी वेट क्लच (तेलातला क्लच) आला, कारण टॉर्क कन्व्हर्टर ९०० न्यूटन मीटरला पुरा पडला नसता आणि क्लच झटक्यात सोडता येतो. फायनल ड्राइव्ह, म्हणजे चाकांआधीचा शेवटचा गिअर, छोटं केलं. रेस स्टार्ट म्हणून लाँच मोड दिला. म्हणजे त्या १.२ सेकंदातला मोठा वाटा गाडीला उभ्या जागेवरून नीट सोडण्यात आहे. ५५० वर ती या पहारेकऱ्यांच्या भिंतीपर्यंत पोचतच नव्हती, ७०७ वर पोचली. भिंतीला टेकल्यावर अजून ५० घातले तरी शंभरपर्यंत काही दिसणार नाही.

याचा सगळ्यात मस्त पुरावा लॅम्बोर्गिनीनेच दिलाय. २०२४ ला उरुस एसई आली, प्लग-इन हायब्रिड, ८०० पीएस, ९५० न्यूटन मीटर. परफॉर्मान्तेपेक्षा १३४ पीएस जास्त! शून्य ते शंभर किती? ३.४. जास्त, कमी नाही! बॅटरीने वजन वाढवलं आणि सुटताना वजन नडतं. पण टॉप स्पीड ३१२ झाला. काय ते समजा.

सरळरेषा:
माझी बादली परत घेतो.

चौथा_गिअर:
हाहाहा. पण एक मिनिट, म्हणजे उरुसला टॉर्क कन्व्हर्टर आणि डीबीएक्सला वेट क्लच, मग सुटताना डीबीएक्सला फायदा नाही का? (मी हरतोय असं वाटायला लागलंय.)

टर्बोताई:
फायदा आहे पण उरुसकडे त्याची भरपाई आहे. परफॉर्मान्तेला पिरेली पी झिरो ट्रोफेओ आर टायर घेता येतात, सेमी स्लिक, म्हणजे जवळपास रेसचे, एसयूव्हीला असे पहिल्यांदाच मिळाले. सस्पेन्शनमध्ये एअर काढून सरळ स्टीलच्या स्प्रिंगा घातल्या, गाडी २० मिलिमीटर खाली आणली, साध्या उरुसपेक्षा वजन ४७ किलो उतरवलं. आणि फोर व्हील ड्राइव्ह नेहमीला ४०:६०, पुढे ४० मागे ६०, गरज पडली तर मागे ८७ टक्क्यांपर्यंत. डीबीएक्स तर मागे शंभर टक्के टाकू शकते.

एकीकडे क्लच आणि ताकद, दुसरीकडे टायर आणि हलकं अंग. बेरीज तीच.

लॅप_टायमर:
सगळे कंपनीच्या आकड्यांवर भांडताय, मी जरा मोजण्याबद्दल बोलतो कारण निम्मी भांडणं तिथेच असतात.

पहिलं म्हणजे, शून्य ते शंभर आणि शून्य ते साठ मैल हे एक नाही. साठ मैल म्हणजे ९६.६ किमी. वेग शेवटचा ताशी साडेतीन किमी वाढवायला अशा गाडीला दीड दशांश सेकंद लागतो. म्हणूनच डीबीएक्स७०७ चा साठ मैलांचा आकडा ३.१ आहे आणि शंभरचा ३.३. लोक एकीचा हा घेतात दुसरीचा तो घेतात आणि मग जिंकले.

दुसरं, रोलआउट. अमेरिकेत बरेच जण घड्याळ गाडी हलली की नाही, तर एक फूट पुढे गेली की चालू करतात, ड्रॅग स्ट्रिपची जुनी पद्धत आहे ती. एक फूट काय एवढंसं, असं वाटतं ना? ०.९ जीने सुटलेल्या गाडीला तो एक फूट कापायला पाव सेकंदापेक्षा जरा जास्त लागतो आणि घड्याळ चालू होतं तेव्हा काटा आधीच आठच्या पुढे असतो. म्हणजे ते शून्य ते साठ नसतंच, पाच ते साठ मैल असतं. हे दोन्ही एकत्र केले की ०.४ सेकंद हवेतून कमी होतात, गाडीला हातही न लावता. टेस्ला मॉडेल एक्स प्लेडचा जो २.५ चा आकडा आहे तो पण रोलआउट वजा करून आहे, ते स्वतःच तसं लिहितात.

तिसरं, ०.१ सेकंद म्हणजे किती? शंभरच्या वेगाला २.८ मीटर. अर्धी गाडी. त्यामुळे भावा, तुझ्या पैजेतला फरक ०.१ पेक्षा कमी असेल तर ती पैज बंपरवर लागलेली आहे.

आता अनुभव सांगतो. एका ट्रॅक डेला ओळखीच्या एकांच्या गाडीत शेजारी बसलो होतो, या दोघींतली नाही पण त्याच पंथातली, व्ही८ ट्विन टर्बो एसयूव्ही. जीपीएसचं ते छोटं काडेपेटीएवढं यंत्र डॅशवर चिकटवलं. त्यांनी डावा पाय ब्रेकवर घट्ट रोवला, उजवा ॲक्सिलरेटरवर पूर्ण, इंजिन एका ठराविक आरपीएमला जाऊन घुमायला लागलं, गाडीचं नाक खाली दबलं आणि मागचा भाग जरासा उचलला, अख्खी सीट थरथरत होती, आणि मग ब्रेक सोडला. मला वाटलं होतं की मी मान ताठ ठेवलीय. डोकं हेडरेस्टवर आपटलं आणि मांडीवरचा फोन पोटाला येऊन चिकटला. गंमत म्हणजे पहिल्या क्षणाला जो धक्का बसतो तो तेवढाच राहत नाही, सत्तरच्या आसपास कुठेतरी जाणवतं की ढकलणारा हात जरा सैल झालाय. पंत म्हणतायत तीच जागा असणार ती.

पहिली वेळ आली ३.९. दुसरी ४.०. लगेच तिसरी मारली तर ४.३. गाडी तीच, रस्ता तोच, माणूस तोच. इंटरकूलर (इंजिनात जाणारी हवा गार करणारा) तापला, आत जाणारी हवा गरम, कॉम्प्युटरने बूस्ट कमी केला. दहा मिनिटं बॉनेट उघडं ठेवून थांबलो तर परत ३.९. म्हणजे एकाच गाडीचे स्वतःशीच ०.४ सेकंद फरक, आणि तुम्ही दोन कंपन्यांच्या ३.३ वर मारामारी करताय.

आणि यंत्राने पाचव्या वेळेचा निकाल धरलाच नाही, कारण उलट दिशेने मारली होती आणि तिकडे उतार होता. नुसत्या डोळ्याला तो उतार दिसत पण नव्हता.

विजेवर_चालतो:
माफ करा पण हे सगळं वाचून हसू येतंय. मॉडेल एक्स प्लेड, १०२० हॉर्सपॉवर, पाव मैल ९.९ सेकंदांत. लोटस एलेट्रे आर, ९०५ हॉर्सपॉवर, शून्य ते शंभर २.९५. बूस्ट भरा, नाक दाबा, इंटरकूलर थंड करा, काही नको. पाय ठेवला की सुटली. तुमच्या व्ही८ पहिल्या गिअरमध्येच बसल्या असतील अजून.

टर्बोताई:
मान्य, शंभरपर्यंत विजेच्या गाडीशी भांडूच नये. मोटर पहिल्या फेऱ्यापासून पूर्ण टॉर्क देते आणि चाक घसरलं की आवरायला तिला क्षणाचाही वेळ लागत नाही, इंजिनला तेवढं चटकन आवरता येत नाही. म्हणजे त्या टायरची असेल नसेल ती सगळी पकड ती वापरते. माझे दोन पहारेकरी तिथे रजेवर.

पण टॉप स्पीड बघा की. प्लेड २६२, एलेट्रे आर २६५. हजार घोडे घेऊन २६२.

विजेवर_चालतो:
२६२ ला जायचंय कोणाला?

सरळरेषा:
३१० ला पण जायचंय कोणाला? तरी धागा चाललाय ना.

चौथा_गिअर:
भावाने कॅल्क्युलेटर ठेवला. शून्य ते शंभर बरोबरी हे त्याने मान्य केलं, सही करून द्यायला सांगितली ती दिली नाही. आता तो म्हणतो टॉप स्पीडवर ठरवू, ३१० मोठे की ३०६ मोठे. यावर काही आहे का कोणाकडे? मला वाचवा.

पिस्टनपंत:
यावर तू हरलास. पण किती थोड्याने हरलास ते सांगतो.

वेग वाढला की हवेचा विरोध वर्गात वाढतो आणि तो कापायला लागणारी ताकद घनात. म्हणजे वेग दुप्पट करायचा तर ताकद आठपट. उलट बघितलं तर ताकद थोडी वाढवून टॉप स्पीड अगदीच किरकोळ वाढतो. ७०७ भागिले ६६६ म्हणजे १.०६, सहा टक्के जास्त. त्याचं घनमूळ १.०२. दोन टक्के. ३०६ चे दोन टक्के वाढवले की ३१२. कंपनी सांगते ३१०. अंगाने दोघी जवळपास सारख्याच आडव्या उभ्या आहेत त्यामुळे एवढं जुळलं. ४१ पीएसचे मिळाले काय, तर ताशी ४ किमी.

तिथे मात्र इंजिन सगळंच्या सगळं खर्च होतं. ३०० च्या वेगाला अशा उंच गाडीला नुसती हवा फाडायला चारशेच्या घरात किलोवॅट लागतात, वर टायर आणि गिअरबॉक्समधली गळती. शिल्लक काही उरत नाही, म्हणूनच तर तो टॉप स्पीड.

टर्बोताई:
घनमुळाचं गणित साध्या डीबीएक्सवर लावून बघितलं मी. ५५० पीएस, २९१ किमी. ७०७ ला ३१६ यायला हवे होते, आले ३१०. ते सहा किमी गेले कुठे? माझ्या मते बरेचसे त्या नव्या मोठ्या जाळीत. जास्त ताकद म्हणजे जास्त उष्णता, ती बाहेर काढायला जास्त हवा आत घ्या, आणि आत घेतलेली हवा म्हणजे विरोध. ७०७ चं तोंड बघा, जुनीपेक्षा केवढं वासलंय.

विजेवर_चालतो:
मग हे घनमूळ प्लेडला लावा. १०२० ला साडेतीनशे यायला हवेत.

पिस्टनपंत:
येतात गणितात! पण तिथे हवा आडवी येतच नाही, त्याच्या आधीच मोटरचे फेरे आणि इलेक्ट्रॉनिक लगाम येतो. गिअर एकच, म्हणजे जो गिअर सुटायला तोच पळायला. एलेट्रे आरच्या मागच्या मोटरला दोन गिअर दिलेत तरी तिलाही लगाम आहेच. त्यामुळे टॉप स्पीड बघून गाडी किती दमदार हे विजेच्या बाबतीत सांगता येत नाही.

लॅप_टायमर:
टॉप स्पीडवाल्यांनी एकदा टायरच्या कडेला वाकून बघावं. आकड्यांच्या शेवटी इंग्रजी अक्षर असतं. वाय म्हणजे ३०० पर्यंत. तोच वाय आणि लोडचा आकडा कंसात असेल तर ३०० च्या वर. या दोघींना कंसवालाच लागतो. चुकून कोणी साधा घातला तर ३०६ आणि ३१० दोन्ही कागदावरच.

चौथा_गिअर:
भाऊ आता उड्या मारतोय, म्हणतो ३१० पण नाही, त्याने कुठल्याशा व्हिडिओत डीबीएक्सचा काटा ३२१ वर बघितलाय, स्क्रीनशॉट पाठवलाय. हे खरं?

लॅप_टायमर:
काटा खरा असेल, वेग नाही. संयुक्त राष्ट्रांचा नियम ३९ म्हणून आहे, बहुतेक जगात तोच चालतो, त्यात असं आहे की स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही, जास्त दाखवलं तर चालेल, १० टक्के अधिक ४ किमीपर्यंत. म्हणजे खरे शंभर असताना काटा ११४ वर असला तरी नियमात बसतो. खरे ३१० असताना ३२१ म्हणजे त्यातल्या त्यात सरळ मीटर म्हणायचा. आणि म्हणूनच स्पीडोमीटरचा व्हिडिओ घेऊन स्टॉपवॉचने शून्य ते शंभर काढणाऱ्यांची वेळ नेहमी छान येते, काटा शंभर दाखवतो तेव्हा गाडी अजून पंच्याण्णवला असते.

त्याला सांग जीपीएसचा आकडा असेल तर आण.

चौथा_गिअर:
सांगितलं. पाच मिनिटं "टायपिंग" दिसलं आणि मग गायब.

टर्बोताई:
मग ठरलं काय?

चौथा_गिअर:
शंभरपर्यंत बरोबरी. टॉप स्पीडला तो ४ किमीने पुढे. त्याचं म्हणणं ४ म्हणजे ४, महिनाभर धू. माझं म्हणणं पैज पिकअपवर लागली होती, टॉप स्पीड नंतर घुसवला. शेवटी तडजोड अशी झाली की एक रविवार तो माझी धुणार, एक रविवार मी त्याची. पहिला रविवार माझा आहे आणि तो आत्ताच कुठूनतरी चिखलातून येऊन मुद्दाम मडगार्डचा फोटो पाठवतोय.